धुराच्या कपाटाची वेणी

"ही नको," म्हणत वेणीबाईंनी वायरीचं दुसरं भेंडोळंही काउंटरवरून परत सरकवलं. "दिसायला गोरीगोमटी आहे, पण तापली की हिचं काही खरं नाही."

"मावशी, तुम्ही वायर बघताय की सून?" इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने विचारलं.

"सून पसंत करायला एवढा वेळ लागत नाही. सून तापली तर सासूने गप्प बसावं, भागतं. ही तापली तर कोण गप्प बसणार? काडेपेटी द्या."

"दुकान पेटवता की काय!"

पण काडेपेटी त्याने दिली. वेणीबाईंनी नमुन्याच्या तुकड्याला काडी लावली. आवरण वितळलं, काळं काळं ठिबकलं, आणि असा घाण वास सुटला की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक शिंकतच पायरी उतरलं. मग त्यांनी तिसऱ्या भेंडोळ्याचा तुकडा उचलला. हातात रबरासारखा मऊ, बोटाला गुंडाळला तर गुंडाळून घेणारा. त्याला काडी लावली तर तो जरा वेळ चरफडला, पांढरी राख झाला आणि तारेला तसाच चिकटून राहिला.

"बघा," वेणीबाई म्हणाल्या, "ही जळली तरी जागा सोडत नाही. सिलिकॉनची. हीच द्या. जाडी अडीच एमएमची."

"मासे भाजायच्या कपाटाला दीडचीही चालेल की."

"भाजायच्या नाही, धुरी द्यायच्या. आणि 'चालेल' म्हणून चालवलेल्या गोष्टी मी पुष्कळ पाहिल्यात. अडीचची द्या. अर्थिंगलाही तीच. आणि ते तापमान हाताबाहेर गेलं की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारं छोटं फ्यूज असतं ना, ते एक."

"म्हणजे घरातला बाप," दुकानदार म्हणाला आणि फळीवर चढला.

राहिली सेन्सरची वायर. जावईबापूंनी वर्षामागे भेट दिलेला नवा कंट्रोलर, म्हणजे तापमान आकड्यात दाखवणारा आणि स्वतःच सांभाळणारा डबा, वेणीबाईंना घरच्या माशांच्या दुकानाच्या गल्ल्याजवळ बसवायचा होता, आणि कपाट तर मागच्या खोलीत. सेन्सरच्या दोन तारा तिथवर पोचत नव्हत्या. दुकानदाराने साधी तांब्याची वायर पुढे केली. "हिचा जोड देऊन टाका. लांबी वाढवायला काय लागतं?"

"साध्या तांब्याचा जोड दिला की आकडा खोटं बोलतो. सेन्सरची तार ज्या धातूची, त्याच धातूची पुढची हवी. तशी असेल तर द्या, नाहीतर नाही म्हणा."

होती. कोपऱ्यातल्या खोक्याच्या तळाशी, धुळीत. एक तार पिवळी, एक लाल. दुकानदाराने ती हातभर हातभर मोजून कापली आणि म्हणाला, "मावशी, ह्या जातीच्या वायरीत रंगांचं जरा..."

"रंग मला शिकवता?" वेणीबाई हसल्या. "अहो, माझा जन्म गेला रंगांत."

दुकानदाराने हात जोडले. पिशवी घेऊन वेणीबाई पायरी उतरल्या तेव्हा त्यांच्या चालीत कारखान्याच्या दिवसांतला तोरा होता.

तो तोरा काही उगीच नव्हता. लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. पॅनेलच्या पोटात ज्या शेकडो वायरी असतात, त्या सरळ लावून, मेणाच्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठी मारून बांधायच्या, हे त्यांचं काम. त्या गाठी अशा एकसारख्या पडत, की सुपरवायझर नव्या पोरींना आणून दाखवायचा, "बघा, ही वेणी." तेव्हापासून त्या वेणीबाई. घरी नवरासुद्धा चिडवायच्या वेळी तेच म्हणायचा. ज्या लिफ्टने त्या कधी चढल्या नाहीत, अशा कित्येक लिफ्टांच्या पोटात त्यांच्या वेण्या होत्या.

नवऱ्याला गाव धूरकाका म्हणायचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे धुराचं कपाट: एका मोडक्या लोखंडी कपाटात खाली दोन हीटरचे रॉड, त्यावर लाकडाच्या भुशाची ताटली, वर जाळ्यांवर मिठात मुरलेले मासे. बाजूला थर्मोस्टॅटची चकती होती, पण तिच्यावरचे आकडे कधीच पुसून गेले होते आणि धूरकाकांना त्यांची गरजही नव्हती. दारावर तळहात ठेवायचा, फटीला नाक लावायचं, आणि सांगायचं, "अजून थोडं." किंवा, "झाले, काढा." चुकत नसत. लोक म्हणायचे, ह्या माणसाच्या नाकात घड्याळ आहे.

गेल्या हिवाळ्यात धूरकाकांना सर्दी झाली. साधीच. ती आली तशी गेली, पण जाताना वास घेऊन गेली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वेणीबाईंना ते कळलं ते नातवामुळे. लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदा बाळाला घेऊन आली होती. बाळ हातात आलं की जो तो जे करतो तेच सगळ्यांनी केलं, टाळूला नाक लावून डोळे मिटले. लेकीने आईला विचारलं, "आई, कसला गं हा वास? मी तर दिवसभर हुंगत बसते. कामंच होत नाहीत." मग बाळ आजोबांच्या हातात गेलं. त्यांनी टाळूला नाक लावलं. थांबले. पुन्हा लावलं. मग बाळ लेकीकडे परत देत म्हणाले, "झोप आलीय त्याला." बाळ टक्क जागं होतं.

वेणीबाईंनी बाळाचे ते उघडे डोळे पाहिले. पुढे मासे कधी कोरडे ठणठणीत निघू लागले, कधी आतून ओले. जुन्या गिऱ्हाइकांनी सांभाळून घेतलं. धूरकाका म्हणत, भुसाच बदललाय, मीठच बदललंय, हवाच बदललीय. आणि मागच्या आठवड्यात लेकीला फोनवर म्हणाले, "महिनाअखेरीस दुकान बंद करतोय बाई. तुमच्याकडे येऊन राहू. आराम करू."

आराम! हा माणूस झोपेतसुद्धा कूस बदलताना "काढा, काढा" म्हणायचा. दुकान बंद झालं की हा किती दिवस माणसात राहील, हे वेणीबाई जाणून होत्या. म्हणूनच त्या दुकानदाराकडे काड्या ओढत उभ्या होत्या.

"उद्या कपाट लावू नका," घरी येऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "मी त्याचं पोट बदलणार आहे."

धूरकाका पेपर वाचत होते. "अगं, आठ-दहा दिवसांचा सोबती तो. त्याला नवं पोट कशाला?"

"कुणाला द्यायचं झालं तर चालू द्यावं की नाही? उद्या दुसऱ्याच्या घरात शॉक बसला तर नाव कुणाचं?"

"आणि जावईबापूंचा तो डबा लावणार?"

"लावणार."

"मी तेव्हाच म्हणालो होतो, नाक असताना डबा कशाला."

हे म्हणून धूरकाकांनी पेपर जरा वर धरला. वेणीबाईंनी पिशवीतल्या वायरी एकेक करून बाहेर काढल्या. पेपरामागून बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाचा प्लग काढला, तो स्वतःच्या पदराच्या टोकाला बांधला (कारखान्यातली सवय: ज्याचा हात आत, त्याच्याच ताब्यात प्लग) आणि मागचा पत्रा उघडला. धूरकाका बॅटरी धरून उभे.

पत्रा निघाला आणि वेणीबाई जमिनीवर फतकल मारून हसायला लागल्या.

"अहो, हे काय! ही वायरिंग आहे की चिमणीचं घरटं?"

"का? इतकी वर्षं चाललं ना?"

"चाललं कसं हेच नवल! ही वायर इस्त्रीची, ही बहुतेक आपल्या जुन्या पंख्याची... आणि ही? ही तर माझ्या रेडिओची! अहो, तो रेडिओ तुम्ही 'बिघडला' म्हणाला होतात!"

"बिघडलाच होता. वायर काढल्यावर."

"मला का नाही सांगितलं? माझ्यासारखी घरात असताना?"

"तुला बोलावलं असतं तर कपाट छान झालं असतं, आणि जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी तरुण होतो, पण मूर्ख नव्हतो."

वेणीबाईंनी डोळे पुसले. जुन्या वायरी हात लावला की वाळक्या काडीसारख्या तुटत होत्या. रॉडच्या टोकाजवळ तर आवरण गळून नुसती तार उघडी पडली होती. एका ठिकाणी मात्र चारपाच वायरी एकत्र आणून दोऱ्याने बांधल्या होत्या. मेणाचा दोरा. त्यांच्याच डब्यातला. गाठी वाकड्या, एक घट्ट, एक सैल, पण मारल्या होत्या त्यांच्याच पद्धतीने, दोऱ्याखालून दोरा ओढून. ह्या माणसाने कधीतरी त्यांच्या नकळत बसून त्यांच्यासारखी वेणी घालून पाहिली होती.

"काय झालं?" बॅटरीमागून आवाज आला.

"काही नाही. उजेड नीट धरा."

त्या गाठी त्यांनी कापल्या नाहीत. नखाने सोडवल्या.

मग काम सुरू झालं. रॉडच्या टोकांना तारा पकडणारे पितळी लग, पक्कडीने दाबून आणि वरून ओढून बघितलेले. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाणार तिथे रबराची कडी. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. हळूहळू बोटांना जुनी गत सापडली. वेणीबाई गुणगुणायला लागल्या. धूरकाकांच्या हातातली बॅटरी तालावर हलायला लागली, मग त्यांना ओरडा बसला.

"ही पिवळी-लाल पण घाल की त्याच वेणीत," धूरकाका म्हणाले. "एकीत सगळं छान दिसेल."

"ती वेगळी. ती सेन्सरची, नाजूक. हीटरची वायर म्हणजे मोठ्याने बोलणारी बाई. तिच्या शेजारी हिला बांधली तर हिचं म्हणणं ऐकूच जात नाही. मग डबा काहीबाही आकडे दाखवतो."

"म्हणजे आपल्या दोघांसारखं."

"संसारात चालतं. पॅनेलमध्ये नाही चालत."

तर दोन वेण्या झाल्या. एक जाड, कपाटाच्या डाव्या अंगाने. एक बारीक, उजव्या अंगाने, भिंतीवरून गल्ल्याजवळच्या डब्यापर्यंत. शेवटची गाठ मारून वेणीबाई दोन पावलं मागे सरल्या. एक गाठ इकडची तिकडे नव्हती.

"देखणं आहे," धूरकाका म्हणाले. मग हळूच, "वेणीबाई."

दुपारी लेक आली बाळाला घेऊन. 'महिनाअखेर'चं सामान कसं हलवायचं ते ठरवायला आली होती, पण कपाटाचा सोहळा बघून तीही तिथेच स्टूल ओढून बसली. ताटलीत भुसा घातला, जाळीवर मासे मांडले. वेणीबाईंनी पदराची गाठ सोडून प्लग धूरकाकांच्या हातात दिला. "लावा. तुमचं कपाट."

मग स्टुलासकट सगळे पुढे गल्ल्याजवळ येऊन बसले. डबा उजळला होता; वेणीबाईंनी त्यावर सत्तर लावलं. आत्ताचा आकडा: सत्तावीस.

"खोलीतलं तापमान," वेणीबाईंनी सगळ्यांना समजावलं. "आता चढेल."

पंचवीस.

"चढेल म्हणालीस," धूरकाका म्हणाले.

"नवा आहे. लाजतोय."

बावीस. सतरा. लेक म्हणाली, "आई, आत फ्रीज केलायस का गं?" बाळाने ढेकर दिली. बारा. वेणीबाईंच्या कपाळाला घाम आला. त्या मनातल्या मनात सगळ्या वायरी मोजून आल्या: लग घट्ट, फ्यूज नीट, धातू तोच, जोड पक्का. रॉड तापत नाहीत म्हणावं, तर मग आकडा होता तिथे थांबायला हवा होता. उतरतोय कशाला?

धूरकाका उठले. मागच्या खोलीत गेले आणि नेहमीसारखा दारावर तळहात पसरला. फटीला नाक लावलं नाही. नुसता हात. डोळे मिटले.

"अगं, बंद कर," ते म्हणाले. "हे चांगलं तापलंय. चहाच्या कपाएवढं. तुझा आकडा जेवढा उतरतोय, तेवढंच हे चढतंय."

"तेवढंच?"

"हाताला खोटं बोलता येत नाही. उलटं चाललंय म्हणजे काहीतरी उलटं बसलंय."

वेणीबाईंनी धावत जाऊन प्लग ओढला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग कपाळावर हात मारला. दुकानदाराचं ते अर्धवट तोडलेलं वाक्य कानात पूर्ण झालं. लाल म्हणजे अधिक, हे त्यांच्या बोटांना डोक्याच्याही आधी माहीत होतं. आयुष्यभर लाल दिसली की बोटं आपोआप अधिककडे गेली. आणि ह्या सेन्सरच्या जातीत नेमकं उलटं असतं. लाल उणे, पिवळी अधिक. डब्याला वाटत होतं कपाट गारठतंय, म्हणून बिचारा आणखी आणखी ऊब पाठवत होता.

"माझीच चूक," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की लेकीने वर पाहिलं. "मी. वायरीचा रंग चुकले."

 मग धूरकाकांच्या छातीतून आधी खाकरल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ असं हसू फुटलं, की कित्येक महिन्यांत त्या घराने ऐकलं नव्हतं. "जन्मभर लिफ्ट वर पाठवल्यास, वेणीबाई! आणि आज थेट तळघरात!"

"हसा, हसा."

"आणखी थोडी थांबली असतीस तर आपण बर्फ विकला असता!"

लेक हसता हसता स्टुलावरून घसरली. बाळ दचकलं, रडावं की काय असा विचार केला, आणि सगळे हसतायत म्हणून तेही बोळकं उघडून हसलं. वेणीबाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. दोन स्क्रू सैल, दोन तारांची अदलाबदल, दोन स्क्रू घट्ट. एवढंच. प्लग लावला. डबा जरा गोंधळला आणि आकडा एकदम वर उडाला. बेचाळीस. मग सरळ चढत गेला, आणि पासष्टच्या पुढे, मजला आला की लिफ्ट हळू होते ना, अगदी तसा हळू होत होत सत्तरवर येऊन उभा राहिला. हलला नाही.

"आला मजला," वेणीबाई म्हणाल्या. आता त्याही हसत होत्या.

लेक बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेली. दोघं मागच्या खोलीत कपाटासमोर बसून राहिली. धूर वरच्या झरोक्यातून निळा निळा बाहेर जात होता. धूरकाकांचा हात अजून दारावरच होता.

"मघाशी," ते कपाटाकडे बघत म्हणाले, "मी हातानेच ओळखलं. नाकाने नाही."

"हो."

"नाक म्हणजे... काय आहे..."

"माहीत आहे मला."

धूरकाकांनी मान वळवली. "कधीपासून?"

"बाळाच्या टाळूपासून."

त्यांनी दारावरचा हात काढून मांडीवर घेतला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रेडिओचं सांगितलंत का?"

त्यांना पुन्हा हसू आलं, पण ह्या वेळी ते मधेच कुठेतरी ओलं झालं. वेणीबाईंनी तिकडे पाहिलं नाही. वायरीचे उरलेले तुकडे त्या पिशवीत भरत राहिल्या. "डबा तुमच्या नाकाच्या जागी नाही आणलेला," त्या म्हणाल्या. "तो नुसता आकडा राखतो. आज तुमचा हात नसता तर त्याने सगळे मासे कोळसा केले असते आणि वर थंडी वाजतेय म्हणाला असता. त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागणारच."

लेक बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. "बाबा, मग महिनाअखेरीस टेम्पो सांगायचा ना?"

"टेम्पो कशाला? आम्ही दोघं रविवारी येऊ. बसने," धूरकाका म्हणाले. "आणि संध्याकाळी परत. सोमवारी पहाटे कपाट लावायचं असतं."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले, जणू आपल्याला काहीच माहीत नाही.

मासे झाले असतील अशी वेळ झाली. धूरकाकांनी दार उघडलं. धूर भसकन बाहेर आला, सगळ्यांचे डोळे झोंबले. आतले मासे जाळीवर तांबूस सोनेरी, कडेने जरा चमकणारे. त्यांनी एकाला बोटाने दाबून पाहिलं आणि बोट उचललं. मग मागे सरून उभे राहिले.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"वास कसा आहे ते सांग. नीट सांग."

वेणीबाईंनी आजवर वासाला कधी शब्द दिले नव्हते. ते ह्यांचं काम. त्यांनी डोळे मिटून श्वास आत घेतला. "वर गोड आहे," त्या चाचपडत म्हणाल्या. "मेणाचा दोरा हातात तापला की येतो तसा. खाली मीठ, पण टोचत नाही. आणि मागे... लांब कुणीतरी नुकतीच चूल विझवून गेल्यासारखं."

"करपट?"

"अजिबात नाही."

"ओलसर?"

"नाही."

"झाले मग," धूरकाका म्हणाले, आणि पूर्वीसारख्याच मोठ्या आवाजात, "काढा!"

लेकीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि आईला जाळ्या उतरवू लागली. पोट भरलेलं बाळ आजोबांच्या खांद्यावर मान टाकून डुलकी घेत होतं. सवयीने धूरकाकांनी त्याच्या टाळूला नाक लावलं. थांबले. मग जाळी ठेवून वळलेल्या वेणीबाईंकडे पाहिलं.

काही विचारलं नाही. बाळाला नुसतं जरा पुढे केलं.

वेणीबाईंनी हात पदराला पुसले. वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं, आणि शब्द शोधायला लागल्या. हे माशांपेक्षा अवघड होतं. धूरकाकांनी घाई केली नाही. ते डोळे मिटून उभे होते, आणि त्यांचा तळहात बाळाच्या इवल्या पाठीवर पसरला होता, कपाटाच्या दारावर ठेवतात तसा, ऊब मोजत.